हेवी ड्यूटी पॉवर व्हीलचेअर आणि मेडिकेअरचे बिल: न्यू जर्सीतील एका पुरवठादाराचे परीक्षण

वडिलांसाठी मेडिकेअरच्या (अमेरिकेतील ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बीमधून, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी आणि उपकरणांचा खर्च देणाऱ्या भागातून, हेवी ड्यूटी पॉवर व्हीलचेअर (जास्त वजनाच्या माणसासाठीची मोटरची खुर्ची) घेतली. खुर्ची उत्तम चालते, तिच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते पुरवठादाराच्या बिलिंग विभागाविषयी, कारण अशा खुर्चीच्या बाबतीत मोटर चालण्याआधी कागद चालावे लागतात. पुरवठादाराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

पहिला प्रश्न वजनाचा होता. बाबांचे वजन २९२ पौंड, म्हणजे सुमारे १३२ किलो. या खुर्च्यांचे बिलिंगचे कोड वापरणाऱ्याच्या वजनावर ठरतात. साधी खुर्ची ३०० पौंडांपर्यंत आणि हेवी ड्यूटी ३०१ ते ४५० पौंडांपर्यंत, हे वर्गीकरण पाहून आधीच्या एका दुकानाने आम्हाला साध्या खुर्चीवरच बोळवले होते. या पुरवठादाराकडील बाईंनी मात्र नियमातली पुढची ओळ वाचलेली होती: खालच्या वर्गाच्या क्षमतेच्या ९५ टक्के वजन भरले, तर वरच्या वर्गाची खुर्ची मंजूर होऊ शकते, म्हणून हेवी ड्यूटीची मर्यादा प्रत्यक्षात २८५ पौंडांपासून सुरू होते. मात्र वजन डॉक्टरांच्या नोंदीत ताज्या तारखेसह असले पाहिजे, असे सांगून त्यांनी आम्हाला आधी वजनकाट्यावर पाठवले. अशी जाणकारी मला दुसरीकडे आढळली नाही.

दुसरा टप्पा डॉक्टरांच्या समोरासमोर तपासणीचा. ती लेखी ऑर्डरच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेली असावी लागते आणि तिच्या नोंदीत काठी, वॉकर, हाताने ढकलायची खुर्ची आणि स्कूटर यांपैकी एकही साधन का पुरत नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. शिवाय मेडिकेअर फक्त घरातल्या गरजेचा विचार करते: शौचालय, स्नान, कपडे, जेवण. आमच्या पिढीच्या आई-वडिलांची येथे मोठी पंचाईत होते. डॉक्टरांनी विचारले की ते सवयीने “ठीक आहे, चाललंय” म्हणतात आणि वर मंदिरात जाता येईल, अशी हौसही बोलून दाखवतात. दोन्ही वाक्ये नोंदीत गेली, तर अर्ज बारगळू शकतो. पुरवठादाराने आधीच समजावून सांगितल्यामुळे बाबांनी रात्री शौचालयापर्यंत पोहोचताना काय होते, ते जसेच्या तसे सांगितले. खुर्ची देण्यापूर्वी मेडिकेअरची पूर्वमंजुरी लागते. ती मिळेपर्यंत चौकशीचे सगळे फोन पुरवठादारानेच केले.

घराची मोजणीही मनापासून झाली. तंत्रज्ञाने दाराची चौकट मोजून न थांबता दार पूर्ण उघडून मोकळी जागा मोजली, तेव्हा बिजागऱ्यांपाशी दाराची जाडीच आडवी येते हे लक्षात आले. बिजागऱ्या बदलल्यावर रुंद बैठकीची खुर्ची न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली.

बिलाची रीत मात्र समजून घ्यावी लागते. खुर्ची एकदम विकत मिळत नाही. तेरा महिने भाड्याने राहते आणि मग आपल्या मालकीची होते. पहिले तीन महिने ठरलेल्या खरेदी किमतीच्या १५ टक्के आणि पुढचे दहा महिने ६ टक्के, असे भाडे असते; त्यामुळे चौथ्या महिन्यात बिल एकदम खाली आले, तेव्हा बाबांना काही चुकले तर नाही ना, अशी शंका आली. वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम (२०२५ साली २५७ डॉलर), भरल्यानंतर मंजूर रकमेच्या ८० टक्के मेडिकेअर देते आणि २० टक्के आपल्याकडे राहतात. पूरक विमा असेल तर तो हा भार उचलू शकतो. भाडे दोन कॅलेंडर वर्षांत पसरले, तर डिडक्टिबल जानेवारीत पुन्हा लागू होते. हे सारे पुरवठादाराने पहिल्याच भेटीत एका कागदावर मांडून दिले होते.

आता तक्रार. त्यांची मासिक पत्रके मेडिकेअरचा हिशेब पूर्ण होण्याआधीच निघतात आणि त्यांवर पूर्ण दर छापलेला असतो. वृद्ध माणूस घाबरून तेवढा चेक लिहून मोकळा होऊ शकतो. दुरुस्ती विभागही बिलिंग विभागाच्या पासंगाला पुरत नाही. भाड्याच्या काळात दुरुस्ती आणि सुटे भाग भाड्यातच धरलेले असतात, तरी जॉयस्टिक अडखळू लागली तेव्हा फोनवर आधी कार्डाचा नंबर मागण्यात आला. नियम दाखवल्यावर दुरुस्ती विनाशुल्क झाली, पण उशिरा.

तरीही हा पुरवठादार असाइनमेंट स्वीकारतो, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेली रक्कम हीच पूर्ण किंमत मानतो, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. न स्वीकारणाऱ्यावर अशा उपकरणांच्या बाबतीत जादा आकारणीची मर्यादा नसते. बिलिंगसाठी पाचपैकी साडेचार तारे, दुरुस्तीसाठी दोन.