पेठेतलं मुलींचं होस्टेल, अकरा महिन्यांचा अनुभव (एका आईकडून)

पुण्यात मुलीसाठी होस्टेल शोधणाऱ्या आयांसाठी हे लिहितेय, वडिलांनीही वाचा. होस्टेलचं नाव देत नाहीये कारण मुलीच्या दोन मैत्रिणी अजून तिथेच राहतात आणि मधेच जागा बदलणं त्यांना परवडणारं नाही. पण आम्ही नारायण पेठ, सदाशिव पेठ भागात पाच ठिकाणं पाहिली होती आणि त्यातल्या तीन ठिकाणी गेटवर अंगठा लावला की पालकांना मेसेज जायची हीच सिस्टिम होती, त्यामुळे नाव नसलं तरी उपयोग होईल.

आधी साध्या गोष्टी सांगते. तीन कॉटची खोली, मेससकट महिना ९,५००, डिपॉझिट दोन महिन्यांचं. पाणी दिवसभर, गीझर सकाळी ६ ते साडेआठ. पोळ्या गरम मिळतात, आमटी पातळ पण चवीला बरी, भाजी आठवड्यातनं तीनदा बटाटा, रविवारी रात्री मेस बंद (ते पुण्यात धरूनच चालायचं). बाथरूम स्वच्छ. रेक्टर काकू मनाने खूप चांगल्या, ऑगस्टमध्ये पोरीला ताप आला तर तीन दिवस त्यांनी स्वतः मऊ भात करून वर खोलीत नेऊन दिला, हे मी कधी विसरणार नाही. एवढ्यावर रिव्ह्यू असता तर चार स्टार दिले असते.

आता थंबबद्दल.

गेटवर थंबचं मशीन आहे. पोरीने आत-बाहेर करताना अंगठा लावला की आई-वडील दोघांच्या मोबाईलवर मेसेज येतो, बाहेर ८.४१, आत ७.५२ असं. रात्री ९ ला गेट बंद आणि ९.०५ ला जी आत नाही तिच्या घरी लाल अक्षरात "अनुपस्थित". शिवाय प्रत्येक मजल्यावर कॅमेरा, तो थेट खोल्यांच्या दारांकडे तोंड करून. जून २०२४ ला अॅडमिशन घेतली त्या दिवशी मालकांनी स्वतःच्या मोबाईलवर हे सगळं उघडून दाखवलं आणि मी अगदी निर्धास्त झाले. आम्ही बार्शीचे, एसटीने पाच तास लांब, पोरगी सीएची आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसात राबून काम शिकायची उमेदवारी) करायला पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, सदाशिव पेठेत एका मुलीवर भर रस्त्यात कोयता उगारल्याचा तो व्हिडिओ आमच्या घरातही सगळ्यांनी पाहिला होता. तो व्हिडिओ पाहिलेली कुठली आई मशीनला नाही म्हणेल?

पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की तो हल्ला सकाळी झाला होता. दहाच्या सुमारास, माणसांनी भरलेल्या रस्त्यावर. आणि तिला वाचवलं ते तिथेच असलेल्या स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांनी, अंगावर धावून जाऊन. रात्री ९ च्या गेटने त्यातलं काहीच टळलं नसतं. भीती खरी आहे हो, माझी आजही आहे, पण त्या भीतीवर आपल्याला जे विकलं जातं ते त्या भीतीचं औषध आहे का हे मी त्या दिवशी विचारायला हवं होतं.

पहिले दोन महिने काय झालं ते सांगते कारण हे कुणी सांगत नाही. मी शाळेत शिकवते, इतिहास नागरिकशास्त्र. वर्गावर असताना मोबाईल थरथरला की माझा हात पर्समध्ये. आज बाहेर ९.२०, म्हणजे उशिरा उठली का, आज आत ८.१०, एवढा वेळ कुठे. आधी पोरगी रोज संध्याकाळी आपणहून फोन करायची, आई आज भोसरीला क्लायंटकडे ऑडिटला गेलो होतो, त्यांच्या कँटीनला मस्त मिसळ होती, सर चिडले, असं सगळं रामायण सांगायची. मग हळूहळू तिने हॅलो म्हणायच्या आधी मीच सुरू व्हायला लागले, अगं सव्वासातला ऑफिस सुटतं ना मग आठ दहा कसे वाजले. ती कारण द्यायची. मग एकेक शब्दात द्यायला लागली. मग फोन एक दिवसाआड आला. मला वाटलं कामाचा ताण असेल.

सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची मुदत असते, ज्यांच्या घरात सीए आहे त्यांना माहितीये की त्या पंधरा दिवसांत आर्टिकलची पोरं किती वाजता घरी जातात. ऑफिसमधून दहा साडेदहा व्हायचे, गेट ९ ला बंद. रेक्टर काकूंनी सांगितलं नाइट आउटचा फॉर्म भरा आणि घरून परवानगीचा मेसेज टाका. मी टाकला. तर म्हणे आईच्या नंबरवरून चालत नाही, वडिलांच्याच नंबरवरून लागतो, सिस्टिममध्ये तसंच आहे. आता होस्टेलची फी दर महिन्याला माझ्या पगारातून जाते, अॅडमिशनच्या फॉर्मवर सही माझी, पण परवानगी द्यायला मी चालत नाही. माझे मिस्टर त्या दिवशी शेतात होते, तिथे रेंज नसते, परवानगी पोचायला रात्रीचे सव्वादहा झाले. तोपर्यंत आम्हाला दोघांना दोन लाल मेसेज, सासूबाई रडायला लागलेल्या, आणि पोरगी ऑफिसच्या खुर्चीत बसून मोबाईलकडे बघतेय की आज झोपायचं कुठे. त्या रात्री ती वारज्याला मैत्रिणीच्या फ्लॅटवर गेली. म्हणजे गेट वेळेत बंद झाल्यामुळे माझी पोरगी साडेदहाला पेठेत न येता त्याहून लांब गेली, रिक्षाने, एकटी. सुरक्षिततेसाठी असलेल्या नियमाचा हा हिशोब कुणीतरी मला समजावून सांगावा.

पुढे कधीतरी तिने मला सांगितलं की त्यानंतर ती उशीर होणार असेल तर ८.५५ ला थंब मारून आत यायची, डबा तसाच ठेवायची आणि खोलीत लॅपटॉपवर काम करायची, आणि ऑफिसात तिच्या जागी दुसऱ्या मुलाला क्लायंटच्या मीटिंगला बसवायला लागले. मुलींना लवकर जायचं असतं म्हणून, असं सर म्हणाले. हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाहीये.

डिसेंबरमध्ये मी चार दिवस तिथे गेस्ट रूमला राहिले (४०० रुपये रात्रीचे, गादी चांगली). सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, जायचं होतं. मी स्वतः ९४ ते ९६ पुण्यात बीए केलं तेव्हापासूनची माझी इच्छा की लेकीला घेऊन सवाई ऐकावं. मुकुंदनगरला गेलो, छान जागा मिळाली. सवाईला ज्येष्ठ कलाकार शेवटी असतात हे सगळ्यांना माहितीये, आणि आम्ही सव्वाआठला उठलो. शेजारच्या बाईंनी विचारलं सुद्धा, अहो आत्ताच कुठे? मी पन्नाशीची, पंचवीस वर्ष नोकरी केलेली बाई, लेकीचा हात धरून रिक्षा शोधत पळतेय आणि स्वारगेटच्या सिग्नलला दोघी घड्याळ बघतोय. ८.५२ ला पोचलो. तिने अंगठा लावला आणि माझ्या हातातला माझाच मोबाईल वाजला, आत ८.५२. मी तिच्या शेजारी उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि काहीच न बोलता जिना चढून वर गेली. तेव्हा मला कळलं की हा मेसेज तिला रोज कसा वाटत असेल.

रात्री झोप आली नाही. माझ्या वेळचं होस्टेल आठवत राहिले. नियम तेव्हाही होते, उलट कडक, संध्याकाळी साडेसातची वेळ, रजिस्टरमध्ये सही. पण ते रजिस्टर एक बाई बघायच्या. उशीर झाला तर त्या ओरडायच्या, कारण विचारायच्या, कारण पटलं तर "बरं जा, जेवून घे" म्हणायच्या आणि गोष्ट तिथेच संपायची. घरी पत्र गेलंच तर आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत आपण काय ते आपणच निस्तरायचो, आणि त्यातच मी मोठी झाले असं मला वाटतं. मशीनला कारण विचारता येत नाही. आणि रेक्टर काकूंसारख्या चांगल्या बाईच्या हातातसुद्धा आता काही उरलेलं नाही, त्या मला म्हणाल्या की मी गेट उघडलं तरी मशीन उशीर दाखवणार आणि मालक मला विचारणार.

याच मालकांचं मुलांचं होस्टेल आहे दोन गल्ल्या सोडून. माझा भाचा तिथे होता. त्याला किल्ली दिली होती. थंब नाही, मेसेज नाही, वेळ नाही. मी मालकांना विचारलं तर म्हणाले, मॅडम पालकांची डिमांडच नाही मुलांसाठी. हे उत्तर मला जास्त लागलं कारण ते खरं आहे. डिमांड आमचीच आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेऊन आम्ही दगडूशेठकडे गेलो, समोर भिडेवाड्याची जागा, जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू झाली हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. त्या काळात सावित्रीबाईंना घरून निघून शाळेपर्यंत चालत जाणं हेच अवघड करून ठेवलं होतं लोकांनी. नंतर याच पुण्यात पंडिता रमाबाईंनी १८९० मध्ये मुंबईहून शारदा सदन आणलं, कर्व्यांनी १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला. बायकांसाठी राहायची जागा काढायची ती त्यांना घरातल्या कोंडीतून बाहेर पडता यावं म्हणून, हे या गावाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. त्याच गावातल्या होस्टेलचे मी पैसे भरत होते आणि बदल्यात मला पोरीच्या वेळा मिळत होत्या.

आणि मी फळ्यावर काय शिकवते? कलम १९, देशात कुठेही मुक्तपणे फिरायचा हक्क. कलम २१, जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. मतदानाचं वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ केलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. खासगी होस्टेलला यातलं थेट किती लागू होतं यावर वकील वाद घालतील, पण केरळमध्ये २०१९ साली एका कॉलेजच्या मुलीला होस्टेलमधून काढलं होतं, कारण संध्याकाळी मोबाईल जमा करायचा नियम तिने मानला नाही, ती हायकोर्टात गेली आणि इंटरनेट वापरणं हे शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कात येतं असं म्हणत कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं. एकटी पोरगी लढली ती. आमच्या फॉर्मवर तर पोरीची संमतीची सहीच नव्हती. अंगठा तिचा, येण्याजाण्याची माहिती तिची, आणि सही फक्त माझी, ती तेव्हा २२ वर्षांची होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती १८ च्या खालच्या मुलांसाठी आहे, त्यावरच्या माणसाने स्वतःची संमती स्वतः द्यायची. अॅडमिशनला जाल तेव्हा हे विचारा, की सही कुणाची घेताय, मेसेज कुणाला जाणार, किती दिवस ठेवणार, आणि पोरगी सोडून गेली की तिचा अंगठा मशीनमधून काढणार का. आम्ही शेवटचा प्रश्न विचारला नव्हता, त्याचं पुढे सांगते.

एप्रिलच्या शेवटी होस्टेल सोडलं. आता ती एरंडवण्यात तीन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहते, ११ महिन्यांचा रजिस्टर्ड करार आणि पोलिस व्हेरिफिकेशन रीतसर केलंय, खर्च महिना अडीच हजाराने वाढला, किल्ली तिच्याकडे. मिस्टर सुरुवातीला नाराज होते, सासूबाई अजून आहेत. उशीर झाला तर ती स्वतः मेसेज टाकते, "आई निघाले", कधी विसरते, त्या रात्री मी जागी असते, पण सकाळपर्यंत विचारत नाही. मिसळीची माहिती परत यायला लागलीये. गेल्या महिन्यात तिने मला आपणहून सांगितलं की आर्टिकलशिपमध्ये एकदा खूप रडली होती आणि मला कळवलं नव्हतं. कधी, तर गेल्या ऑक्टोबरात. माझ्याकडे त्या अख्ख्या महिन्याचे मेसेज होते, रोजचे, मिनिटासकट.

डिपॉझिट ४५ दिवसांनी आलं, रंगकामाचे १,२०० कापून. ते ठीक आहे. पण मे महिन्यात ५ तारखेपासून माझ्या मोबाईलवर परत मेसेज सुरू झाले. बाहेर ७.३०. आत ८.२०. मला वाटलं मशीन बिघडलं. फोन केला तर कळलं की आमच्या पोरीचा मशीनमधला नंबर नव्या मुलीला दिलाय आणि पालकांचा मोबाईल बदलायचा राहिला. रेक्टर काकूंनी माफी मागितली, ऑफिसला सांगते म्हणाल्या. बदल व्हायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला न भेटलेल्या, नावही माहीत नसलेल्या एका पोरीचं सगळं जाणं-येणं माझ्या हातात होतं, ती सकाळी लवकर जाते, गुरुवारी दुपारी परत येते, एक दिवस ९.०५ ला लाल अक्षरं आली. त्या रात्री मी फोन हातात घेऊन बसून राहिले. तिच्या आईला काहीच कळलं नसेल, आणि मला कुणाला कळवायचं तेही माहीत नव्हतं. १०.४० ला आला मेसेज, आत.