काडतुसे भरण्यासाठी वजनकाटा: जुना आरसीबीएस ५-०-५

टेक्सासमध्ये राहून नेमबाजीचा छंद जोपासणाऱ्याला आज ना उद्या स्वतःची काडतुसे स्वतः भरण्याचा मोह होतोच, आणि मग पुंगळ्या, प्रायमर (दारू पेटवणाऱ्या टोप्या), गोळ्या यांची जमवाजमव करण्याआधी खात्रीचा वजनकाटा घ्यावा लागतो. इथे बंदुकीची दारू ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडाचे ७,००० ग्रेन होतात, म्हणजे ०.१ ग्रेन हे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम झाले. आपल्या जुन्या मापांत सांगायचे तर एका तोळ्याचे १८० ग्रेन आणि ९६ गुंजा, त्यामुळे हा काटा गुंजेच्या जवळजवळ एकोणिसाव्या भागापर्यंत खरा असावा लागतो. रायफलच्या ४० ग्रेन दारूत ०.२ ग्रेनची चूक अर्धा टक्का भरते. पिस्तुलाच्या ४ ग्रेनमध्ये तीच चूक पाच टक्क्यांवर जाते, आणि कमाल मर्यादेजवळ भरणाऱ्याला ती महागात पडू शकते.

मी आधी खिशात मावणारा एक स्वस्त डिजिटल काटा मागवला होता. ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजणारे काटे या कामाला उपयोगाचे नाहीत, कारण त्यांची एक पायरीच ०.१५ ग्रेनची असते, हे ठाऊक असल्यामुळे मी ०.००१ ग्रॅमचा घेतला. कागदावर त्यात खोट नव्हती आणि प्रमाण वजन ठेवले की आकडाही बरोबर येई. गोची झाली ती दारूचे शेवटचे दाणे सोडताना. पडद्यावर ४१.३ ग्रेन दिसत होते. मी ट्रिकलर (दारू दाण्यादाण्याने सोडणारी नळी) फिरवत एकेक दाणा पारड्यात टाकत राहिलो, पंधरा-वीस दाणे पडले तरी आकडा ढिम्म हलला नाही, आणि पारडे उचलून पुन्हा ठेवले तर ४१.७! असे काटे अगदी सावकाश होणारा लहान बदल हा आपलाच सरकलेला शून्य समजून खोडून टाकतात. स्वस्त काटा निवडताना पडद्यावरच्या दशांश स्थळांपेक्षा हीच गोष्ट आधी तपासावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यानंतर जुन्या सामानात साठ डॉलरला मिळालेला आरसीबीएस ५-०-५ हा दांडीचा काटा मी आजतागायत वापरतो. त्याची क्षमता ५११ ग्रेन आहे. डावीकडचे मोठे वजन दहा-दहा ग्रेनच्या खाचांत बसते, उजवीकडची दोन लहान वजने ०.१ ते १० ग्रेनपर्यंतचा हिशेब सांभाळतात, आणि दांडीची पोलादी धार अकीक दगडाच्या खोबणीत टेकते. चुंबकामुळे दांडीचे डोलणे लवकर थांबते. एक दाणा पडला तरी दांडीच्या टोकाचा दर्शक किंचित उचललेला दिसतो, आणि वीज नसल्यामुळे तापण्याची वाट पाहणे नाही की बॅटरी उतरण्याची चिंता नाही. वेळ मात्र लागतो, आणि दर्शक डोळ्यांच्या रेषेत नसेल तर वाचन हमखास चुकते. म्हणून मी काटा फडताळात डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो. पंखा आणि एसी बंद करावेच लागतात. आपल्याकडचे सराफ काटा काचेच्या पेटीत का ठेवत, ते मला इथे येऊन नीट उमगले.

याहून स्वस्त हवा असेल तर ली कंपनीचा सेफ्टी स्केल संवेदनशीलतेत कमी नाही, परंतु त्याची क्षमता लहान असल्यामुळे १६८ ग्रेनची गोळी त्यावर तोलता येत नाही आणि त्याची बारीक मापपट्टी वाचताना डोळ्यांना ताण पडतो. ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय हा विद्युतचुंबकीय पद्धतीचा काटा ०.०२ ग्रेनपर्यंत दाखवतो, पण त्याच्या किमतीत असे कित्येक जुने काटे येतील. लांब पल्ल्याच्या स्पर्धा खेळणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा.

काटा कोणताही घेतला तरी प्रमाण वजनांचा संच सोबत घ्यावा, आणि ज्या वजनाची दारू भरायची त्याच्या आसपासच्या वजनाने तो दर बैठकीआधी पडताळावा. जुना दांडीचा काटा घेताना धार बोथट झालेली नाही ना आणि अकीकाचा टवका उडालेला नाही ना हे भिंगातून पाहावे. विकणाऱ्याने तिथे तेल सोडले असेल तर ते स्पिरिटने पुसून काढावे, कारण तेलावर धूळ चिकटते आणि दांडी अडखळू लागते.