टोपीच्या रिव्हॉल्व्हरची कमान मोजायला बॅगा तोलायचा काटा: सात महिन्यांच्या वापरानंतर

प्रवासाची बॅग उचलून तोलतात तो डिजिटल काटा. ५० किलोपर्यंतचा, १० ग्रॅमच्या टप्प्यांनी आकडा दाखवणारा, ग्वाल्हेरच्या बाड्यावर सहज मिळणारा. जूनपासून तो एकाच कामाला आहे: परवान्यावरच्या जुन्या टोपीच्या (काडतुसाऐवजी सुटी दारू भरून, फटक्याने पेटणारी छोटी धातूची टोपी लावून उडणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांच्या मुख्य कमानीचा, म्हणजे घोडा आपटवणाऱ्या स्प्रिंगचा, जोर मोजायचा. काटा उत्तम चालतो. पण नुसत्या किलोच्या आकड्यावरून दोन रिव्हॉल्व्हरांची तुलना केली, तर फसगत ठरलेली.

आधी शिक्का मारलेलं २ किलोचं वजन लावून काटा तपासावा. हे काटे टांगून तोलायला बनवलेले असतात. टांगून शून्य केला आणि मग आडवा ओढला, तर हुकाचं वजन आकड्यातून कमी होतं. म्हणून ज्या स्थितीत ओढायचा, त्याच स्थितीत शून्य करायचा.

निपलवर (टोपी बसते त्या भोकाच्या नळीवर) टोप्या नाहीत, चक्रीत (दारू भरायच्या फिरत्या नळकांड्यात) दारू नाही, याची खात्री करून चक्री काढून ठेवावी. मुठीकडचा भाग चामड्याच्या तुकड्यांत धरून शिकंज्यात हलका आवळावा. घोड्याच्या चोचीत (अंगठ्याने मागे ओढायच्या टोकात) मेणाच्या दोऱ्याचा फास अडकवावा. चाप दाबलेलाच ठेवायचा, म्हणजे त्याचं टोक घोड्याच्या खाचांत घासत नाही. मात्र दोरा हातातून सुटू देऊ नये, घोडा थेट चौकटीवर आदळतो. ओढ घोडा ज्यावर फिरतो त्या खिळ्यापासून चोचीपर्यंतच्या रेषेला काटकोनात हवी. २० अंशांनी तिरपी झाली, तरी आकडा सहा टक्क्यांनी फुगतो.

मोजायची जागा एकच ठरवावी: घोडा पूर्ण चढतो, म्हणजे मागे ओढल्यावर एरवी चापावर अडकतो, तिथे. त्याआधी चक्री अडवणाऱ्या बोल्टची पट्टी घोड्याच्या कॅमवर घासत असते. घोडा सावकाश तिथवर आणून आकडा घ्यावा, किंचित आणखी मागे ओढून परत त्याच खुणेवर आणून दुसरा घ्यावा. समजा चढताना ३.४ किलो आणि उतरताना २.८ आले, तर कमानीचे ३.१ आणि घर्षणाचे ०.३. ही दुहेरी मोजणी वगळू नये. ग्वाल्हेरच्या जानेवारीत सकाळी घट्ट झालेलं ग्रीस घर्षण वाढवतं, आणि एकच आकडा घेणाऱ्याला कमान कडक झाल्यासारखी वाटते.

आता तुलना. खिळ्यापासून फासापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून किलोला गुणावं. एका घोड्याचं ४२ मिमी आणि ३.० किलो, म्हणजे १२६. दुसऱ्याचं ३६ मिमी आणि ३.४ किलो, म्हणजे १२२. काट्यावर दुसरी चांगलीच कडक दिसते. खरं तर ती थोडी मऊच आहे.

काट्याची खोड एकच, पण त्रासदायक: आकडा जरा स्थिरावला की तो गोठतो, मग घोडा हलवला तरी बदलत नाही. प्रत्येक वाचनानंतर बटण दाबावं लागतं. गोठवण्याची सोय बंद करता येणारा काटा मिळाला तर तोच घ्यावा.

कोल्टच्या १८५१ नेव्ही आणि १८६० आर्मीत पट्टीची कमान खालच्या टोकाला एका स्क्रूने धरलेली असते; तो ढिला झाला की जोर उतरतो. रेमिंग्टनच्या न्यू मॉडेल आर्मीत मुठीच्या पुढच्या पट्टीत ताणाचा स्क्रू असतो. आकडा अचानक पडला तर आधी हे दोन स्क्रू बघा, कमान बदलायची घाई नको.

टोपी पहिल्या फटक्याला न उडता दुसऱ्याला उडत असेल, तर दोष बहुधा कमानीचा नसतो. टोपी निपलवर पूर्ण बसलेली नसते. पहिला फटका ती बसवण्यातच खर्च होतो. आणि निपलचं भोक झिजून मोठं झालं असेल, तर वायूचा दाब घोडा मागे ढकलतो आणि फुटलेल्या टोपीचे तुकडे यंत्रात पडतात. त्यावर कडक कमान घालणं म्हणजे निपल ठोकून ठोकून चपटं करणं. निपलच बदलावं.

१८५१ च्या ॲडम्सला हा काटा लावता येत नाही. त्याच्या घोड्याला चोचच नसते, तो चाप ओढूनच चढतो. चापावरून मोजलं, तर चक्री फिरवण्याचा जोरही त्याच आकड्यात मिसळतो.