कोर्सवर्कच्या सांख्यिकीसाठी एसपीएसएस, जामोवी की आर?

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीचा पेपर कोणालाच चुकत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं आणि त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, मराठी अशा विषयांतून आलेल्या अनेकांचं गणित दहावीतच सुटलेलं असतं. वर्गात सूत्र कॅल्क्युलेटरवर सोडवून घेतात, प्रात्यक्षिकाला मेनूतून क्लिक करायला लावतात, आणि प्रबंधात तिसऱ्याच प्रकारचं कोष्टक मागतात. या तिन्हींचा सांधा कोणी जुळवून देत नाही, खरा त्रास तिथे आहे. म्हणून या तिन्हींपैकी सांख्यिकीचं सॉफ्टवेअर निवडताना सोपेपणाच्याही आधी एक गोष्ट बघा: त्याने दिलेला आकडा कुठून आला, हे तुम्हाला व्हायवाला (तोंडी परीक्षेत) सांगता येईल का?

एसपीएसएस

१९६८ पासूनचं, २००९ पासून आयबीएमच्या मालकीचं. गाईडना हेच माहीत असतं, जुन्या प्रबंधांतली कोष्टकंही याचीच. हा फायदा खरा आहे. अडचण परवान्याची. विभागाच्या लॅबमधलं सॉफ्टवेअर घरी चालत नाही, चाचणी आवृत्तीची मुदत संपते आणि गाईडनी सुचवलेली दुरुस्ती नेमकी त्यानंतर येते.

नेहमीच्या चुका तीन. उत्तर न दिलेल्यांसाठी ९९ भरायचं आणि व्हेरिएबल व्ह्यूमध्ये (चलांची माहिती भरायच्या पानावर) ते मिसिंग म्हणून नोंदवायचंच नाही. मग ९९ हा आकडा मध्यमानात मिसळतो. पी-मूल्याच्या (गटांत खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) रकान्यात .००० दिसलं की ते तसंच उतरवायचं, तिथे ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहायला हवं. तिसरी, टी-टेस्टच्या (दोन गटांच्या मध्यमानांची तुलना) दोन ओळींपैकी डोळे मिटून वरची घ्यायची. दोन गटांचं प्रसरण समान आहे का हे पाहणारी लेव्हीनची चाचणी सार्थक आली, तर खालची ओळ वाचायची असते. वापरणारच असाल तर प्रत्येक चाचणीआधी ‘ओके’ऐवजी ‘पेस्ट’ दाबा. आज्ञा सिंटॅक्स फाइलमध्ये साठत जातात आणि सहा महिन्यांनी तेच कोष्टक पुन्हा काढता येतं.

जामोवी

मोफत, मेनूवर चालणारं, आणि आतून आरवर उभं. एसपीएसएसची डेटा फाइल थेट उघडतं. एखादा आकडा दुरुस्त केला की सगळी कोष्टकं आपोआप बदलतात. डेटा, निवडलेले पर्याय आणि निकाल एकाच फाइलमध्ये राहतात, त्यामुळे गाईडना ती एक फाइल पाठवली की पुरते. क्रोनबाख अल्फा (प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा आकडा) काढताना उलट अर्थाची विधानं तिथल्या तिथे उलटवता येतात. प्रश्नावलीवर काम करणाऱ्याला याचं मोल कळेल.

खटकतं ते इथे: फाइल उघडताना चलाचा प्रकार ते स्वतः ठरवतं. १ ते ५ असे आकडे पाहून चल नामिक (आकडे म्हणजे नुसती गटांची नावं) धरलं गेलं, तर ते हव्या त्या चाचणीत घेता येत नाही आणि विद्यार्थी अडून बसतो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावरचं चिन्ह आधी तपासा.

आर

हेही मोफत, पण आज्ञा टाइप कराव्या लागतात. पहिले काही आठवडे चुकलेला स्वल्पविराम आणि न मिटलेला कंस शोधण्यातच जातात. चार महिन्यांच्या सत्रात हा वेळ महाग पडतो. मात्र डेटा अनेक फाइलींत विखुरलेला असेल, तेच विश्लेषण वीस वेळा करायचं असेल किंवा पुढे सांख्यिकीचंच काम करायचं असेल, तर त्या आठवड्यांची भरपाई होते.

एकच डेटा, दोन उत्तरं

हे वर्गात क्वचितच सांगतात. समजा ६० जण, दोन गट. पहिल्या गटात २० ‘हो’ आणि १० ‘नाही’, दुसऱ्यात १२ ‘हो’ आणि १८ ‘नाही’. गट आणि उत्तर यांचा संबंध आहे का हे तपासणारा काय-वर्ग जामोवीत ४.२९ येतो, पी ०.०३८. आरमध्ये तोच ३.२८ येतो, पी ०.०७०. ०.०५ पातळीवर एका जागी शून्य परिकल्पना (संबंध नाही हे गृहीतक) त्याज्य ठरते, दुसऱ्या जागी ठरत नाही. दोन्ही गणितं बरोबरच आहेत. दोन बाय दोनच्या कोष्टकात आर न विचारता येट्सची दुरुस्ती (काय-वर्ग थोडा कमी करणारी) लावतं, जामोवी लावत नाही आणि एसपीएसएस दोन्ही आकडे छापतं.

टी-टेस्टचंही तसंच: आर आपणहून वेल्चची पद्धत वापरतं, जामोवी स्टुडंटची. स्टुडंटची पद्धत दोन्ही गटांचं प्रसरण समान धरते, वेल्चची धरत नाही. गटागटांतली माणसं कमी-जास्त असताना द्विमार्गी प्रसरण विश्लेषणात (दोन चलांचा परिणाम एकत्र तपासताना) एसपीएसएस तिसऱ्या प्रकारची वर्गबेरीज घेतं, म्हणजे प्रत्येक चल बाकीची सगळी धरून तपासतं. आरची मूळ आज्ञा पहिल्या प्रकारची घेते, म्हणजे चलं एकामागून एक तपासते, म्हणून तिथे चलांचा क्रम बदलला की एफ-मूल्यही बदलतं. कोणती पद्धत वापरणार हे निकाल बघण्याआधी ठरवा आणि प्रबंधात एका वाक्यात लिहा.

टी-टेस्टमध्ये ०.०५ आणि ०.०१ पातळीची, मोठ्या नमुन्यासाठीची १.९६ आणि २.५८ ही टेबल मूल्यं सरसकट वापरणंही थांबवा. १५-१५ चे दोन गट असतील तर स्वाधीनता मात्रा (एकूण जणांतून गटांची संख्या वजा) २८, आणि मूल्यं २.०५ व २.७६.

मग घ्यावं काय?

प्रश्नावली, दोन-तीन गट आणि एक प्रबंध एवढंच असेल, तर जामोवी. लॅबमध्ये रोज जाता येत असेल आणि गाईडना एसपीएसएसचीच कोष्टकं हवी असतील, तर वाद न घालता एसपीएसएस. घरी तीच फाइल जामोवीत उघडून ताळा घ्या. लेखी परीक्षेत हाताने सोडवायचं असेल, तर दहा जणांचा छोटा डेटा घेऊन टी-मूल्य आधी वहीत काढा आणि मग सॉफ्टवेअरमध्ये. वहीतलं सूत्र समान प्रसरणाचं असतं, तेव्हा आरमध्ये तसा पर्याय द्यावा लागेल, नाहीतर असमान गटांत आकडा जुळणार नाही.

कोणतंही घेतलंत तरी गूगल फॉर्मची शीट जशीच्या तशी टाकू नका. तिथे मराठीतला अख्खा प्रश्न रकान्याचं नाव होऊन बसतो. पहिली ओळ ‘प्र१’, ‘प्र२’ अशी छोटी करा आणि मूळ प्रश्न वेगळ्या शीटवर जपून ठेवा. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.