एका चाकूची तीन म्यानं

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझं उलटं झालं. चाकू एकच आणि त्याची म्यानं तीन: आधी नायलॉनचं, मग चामड्याचं, शेवटी कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचं. तिन्ही स्वतःच्या पैशानं घेतली आणि संत्र्याच्या बागेत वापरली, त्यामुळे भीडभाड न ठेवता लिहितो.

आधी चाकू सांगतो. राहायला मी नागपुरात, बाग कळमेश्वरकडे, आठवड्यातले चार दिवस मोटरसायकलवर जाणं-येणं. चाकू लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्ट्याचा घडवून घेतला आहे. पातं पाच इंच, पाठ चार मिलिमीटर, मूठ बाभळीची. घडीचा नाही, म्हणून म्यान हवंच. पोलादाला धार सुरेख लागते, पण ते स्टेनलेस नाही. ओलं ठेवलं की तासाभरात तांबूस पडतं. झाडाची डिंक्या रोग लागलेली साल खरडणं, ठिबकच्या नळ्या आणि पोत्यांची सुतळी कापणं, ही त्याची कामं. पूर्वी दुपारी भाकरीबरोबरचा कांदाही त्यानंच चिरत होतो. ते आता बंद केलं, कारण पुढे कळेल.

नायलॉनच्या म्यानावर फार शब्द खर्चत नाही. ऑनलाइन 280 रुपयांना मिळालं. फोटोत आत प्लास्टिकचं अस्तर दिसत होतं, प्रत्यक्षात पुठ्ठ्यासारखं काहीतरी निघालं आणि पहिल्याच पावसात त्याचा लगदा झाला. वेल्क्रोच्या पट्टीत बांधावरची कुसळं अशी भरली की महिनाभरात ती चिकटायची बंद झाली. एक दिवस घाईत म्यान पट्ट्याला न लावता गाडीच्या सीटवर ठेवलं आणि वर बसलो. टोक कापड फाडून बाहेर आलं आणि सीटमध्ये दोन इंच घुसलं. सीटच्या जागी काय असू शकलं असतं याचा विचार करत घरी आलो. बायकोनं सीटचं कव्हर बदलायचे पैसे म्यानाच्या हिशोबात धरले, तेव्हा ते सगळ्यात महाग पडलं.

मग चामडं. इतवारीच्या एका बोळात बॅगा आणि चपला शिवणारे काका आहेत. दुकान म्हणजे चार फुटांची फळी, एक रापी, दोन आऱ्या आणि मेणाचा गोळा. मी कागदावर चाकूची आकृती काढून नेली होती. त्यांनी कागद उलटून पाहिला आणि परत दिला. "चाकू आना, भाऊ. पाय नाही आनला त चप्पल कशी शिवू?"

दुसऱ्या दिवशी चाकू नेला. त्यांनी म्हशीचं चामडं काढलं, साडेतीन मिलिमीटर जाड, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. हे विचारून घ्यायचं असतं. बाजारात बॅगांसाठी जे मऊ चामडं येतं ते बहुतेक क्रोमचं असतं. कापल्यावर कड निळसर-करडी दिसली की ओळखायचं. ते म्यानाला चालत नाही: साच्याचा आकार धरत नाही, आणि त्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. साल-हिरड्याचं चामडं आरपार तपकिरी असतं आणि पाण्यात भिजवून दाबलं तर वाळल्यावर त्याच आकारात कडक राहतं.

काकांनी ते चांगलं तासभर करून दाखवलं. चाकूला तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, भिजलेलं चामडं त्याभोवती घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी मुठीच्या कडेकडेनं दाबत गेले. हळूहळू चामड्यावर मुठीचा फुगवटा उमटला. त्यानंतर दोन दिवस सावलीत. शिवताना धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये चामड्याची तिसरी पट्टी घातली. ती नसली तर पातं दर वेळी टाक्यांवर घासतं, एक एक दोरा तुटत जातो, आणि एके दिवशी म्यान धारेच्या बाजूनं उघडतं. कोणाकडूनही चामड्याचं म्यान घेणार असाल तर कडेनं डोकावून थर मोजा. तीन दिसले पाहिजेत. शिलाई दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. साडेसहाशे रुपये घेतले. मी सातशे देत होतो, पन्नास परत केले.

वापरायला सुरुवात केली आणि मी त्या म्यानाच्या प्रेमात पडलो. चाकू आत जाताना आवाज नाही, नुसता एक श्वास सोडल्यासारखा. गाडीवर बसताना मांडीला टोचत नाही. चार महिन्यांत रंग गुळासारखा झाला. एक सवय मात्र लावून घ्यावी लागली: चाकू काढताना म्यान मुठीत आवळायचं नाही, पाठीच्या बाजूनं धरायचं. चामडं झिजलेलं असेल आणि धार आरपार आली तर बोटंच जातात.

उन्हाळा त्याला जरा जड गेला. 2013च्या मे महिन्यात आपल्या शहरानं 47.9 अंश पाहिले आहेत, आणि साधा मे असला तरी हवेत ओलावा म्हणून राहत नाही. म्यानाच्या गळ्याशी बारीक भेगा दिसल्या. मधमाश्यांचं मेण आणि थोडं तीळ तेल कोमट करून चोळलं, भेगा थांबल्या. जास्त तेल घालायचा मोह आवरला पाहिजे. तेलानं चामडं मऊ पडतं आणि मऊ म्यान म्हणजे पुन्हा तो सीटचाच किस्सा.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैत एका संध्याकाळी भिजून आलो आणि चाकू तसाच म्यानात राहिला. सकाळी काढला तर पात्यावर निळे-काळे डाग, चामड्याच्या आतल्या रेषा जशाच्या तशा छापल्यासारख्या. गंज नव्हता तो. हिरड्याच्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकली की काळी शाई होते, जुने लोक बोरूनं लिहायचे तसली. माझ्या म्यानात रात्रभर तीच शाई तयार झाली होती: हिरड्याचं चामडं, कमानपट्ट्याचं लोखंड आणि कळमेश्वरचा पाऊस. पितळी रिव्हेटभोवती हिरवट मेणचट थर आला होता तो वेगळाच. काकांकडे गेलो तर ते हसले. "मी सांगतलं नव्हतं काय? कातडं पानी पिते. बरसातीत चाकू कव्हरात झोपवाचा नसते." सांगितलं होतं खरं, माझंच लक्ष नव्हतं.

एवढ्यावर निभलं असतं. रात्री चाकू बाहेर काढून ठेवणं काही अवघड नाही. मी चामडं सोडलं ते डिंक्यामुळे.

बाग नसलेल्यांसाठी सांगतो. डिंक्या हा संत्र्याचा रोग, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळे होणारा. बुंध्याची साल सडते आणि फटींतून डिंक गळतो. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. कुठल्याही जाणत्या बागायतदाराला विचारा नाहीतर तिथल्या शास्त्रज्ञाला, उपाय तोच: रोगट साल धारदार चाकूनं खरडून काढायची, त्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची, आणि पुढच्या झाडाला हात लावण्याआधी चाकू निर्जंतुक करायचा. मी चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, पाण्यात बुडवत होतो, पुसत होतो आणि म्यानात घालत होतो. आणि म्यानात काय होतं? मागच्या झाडाचा चिखल आणि डिंक. धुतलेला चाकू मी दर वेळी त्यातच खुपसत होतो. चामड्याला हायपोक्लोराइटमध्ये बुडवता येत नाही, उकळता येत नाही, त्याच्या आत फडकं जात नाही. हे माझ्या लक्षात यायला दीड हंगाम गेला. माझ्या बागेत रोग म्यानानं पसरवला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या दिवसानंतर ते म्यान कमरेला लावून झाडाशी जाववलं नाही.

मोरचूद हा दुसरा प्रश्न. बोर्डो पेस्टला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी लागतं. चुना पुरेसा पडला की नाही हे बघायला आमचे सालदार काका लोखंडी पातं मिश्रणात बुडवतात. पातं तसंच बाहेर आलं तर ठीक, त्यावर तांब्याची लाली चढली तर आणखी चुना. नेमका माझाच चाकू हाताशी असायचा. ते पाणी निथळत म्यानात गेलं की चामडं ते धरून ठेवायचं आणि पात्यावर बारीक खड्डे पडायचे. कांदा चिरणं बंद झालं ते यामुळे.

म्हणून कायडेक्स. हे प्लास्टिक 1965च्या सुमारास अमेरिकेत विमानांच्या आतल्या भागांसाठी आलेलं. पत्रा तापवला की रबरासारखा लवतो, चाकूवर दाबला की थंड होताना त्याच्या अंगाचा होतो. तयार म्यानं मिळतात, पण ती कंपनीच्या चाकूंच्या मापाची. आपल्या लोहाराच्या चाकूला कोण विचारतो? मी दोन मिलिमीटरचा पत्रा मागवला आणि आमच्या भागात नंबरप्लेट आणि अक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्या मुलाकडे गेलो, कारण त्याच्याकडे हीट गन होती. त्यानं आधी हे काम कधी केलं नव्हतं. पहिलं म्यान इतकं घट्ट झालं की चाकू काढायला पायाचा आधार घ्यावा लागला. मग पात्यावर मास्किंग टेपचे तीन थर दिले, म्हणजे आत केसभर जागा राहते, आणि पुन्हा तापवून दाबलं. दुसऱ्यांदा नीट झालं. चाकू आत जातो आणि "टक्" असा आवाज येतो. उलटं करून झटकलं तरी पडत नाही. तळाशी पाणी जायला भोक ठेवलं. पत्रा, आयलेट आणि मजुरी मिळून चौदाशेला पडलं.

आता प्रत्येक झाडानंतर चाकू आणि म्यान दोन्ही बादलीत बुडवतो, साध्या पाण्यानं विसळतो, झटकतो. दहा सेकंदांचं काम. हायपोक्लोराइट पोलादाला खातं, त्यामुळे घरी गेल्यावर पातं कोरडं करून तेलाचा हात लागतोच. त्यातून सुटका कुठलंच म्यान देत नाही.

कायडेक्सचे दोष कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एक, आत मातीचा कण शिरला की तो चामड्यात बसतो तसा रुतून बसत नाही, दर वेळी पात्यावर ओरखडा काढतो. माझ्या चाकूच्या दोन्ही गालांवर आता उभ्या रेघा आहेत. दोन, ऊन. मे महिन्यात भावाच्या बोलेरोच्या डॅशबोर्डवर काचेखाली अख्खी दुपार राहिलं आणि संध्याकाळी पकड गेलेली. चाकू नुसता आत पडायचा. हीट गननं तापवून पुन्हा दाबलं, ठीक झालं. चामड्यात हे जमलं नसतं हेही खरं. तीन, ते दिसायला पाण्याच्या टाकीच्या झाकणासारखं आहे आणि दहा वर्षांनीही तसंच दिसेल.

ज्यांना एवढा उपद्व्याप नको त्यांनी स्वीडनच्या ‘मोरा’ ब्रँडचा ‘कंपॅनियन’ चाकू बघावा. भाच्याकडे आहे. पातं 104 मिलिमीटर, स्टेनलेस, म्यान साध्या प्लास्टिकचं, तळाला भोक, धुतलं की झालं. देखणं नाही, पण डिंक्याच्या कामाला माझ्या सगळ्या खटाटोपाइतकंच उपयोगी. चाकूचं पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद घेऊ नका; शेती-घरकामासाठी नसलेलं एवढं मोठं पातं शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. आणि बागेतून परतताना चाकू कमरेला लावून सीताबर्डीत फिरू नका. मी डिकीत टाकतो.

तर हिशोब असा. ओलं काम, रोगट झाड, औषधं: कायडेक्स नाहीतर साधं प्लास्टिक, डोळे मिटून. कोरडं काम, आणि चाकू रात्री बाहेर काढून ठेवायची शिस्त असेल तर चामडं, पण साल-हिरड्याचं आणि तीन थरांचं. नायलॉन फुकट मिळालं तरी नको.

माझ्या कायडेक्सला पट्ट्याला अडकवायची प्लास्टिकची क्लिप होती, ती गाडीवर बसताना बरगडीत घुसायची. तिच्या जागी चामड्याचा लोंबता पट्टा लावून घ्यायला पुन्हा इतवारीच्या काकांकडे गेलो. त्यांनी म्यान हातात घेतलं, नखानं खरवडलं, चाकू दोनदा आत-बाहेर केला. "हे त वाजते, बाप्पा." मग कडेनं वाकवून पाहिलं. "कापत नाही काय धारेनं?" म्हटलं, सहजी नाही. पट्ट्याचे एकशेवीस घेतले आणि माझ्या पिशवीत उरलेला पत्र्याचा तुकडा मागून घेतला. चामड्याच्या दोन थरांमध्ये तिसऱ्या पट्टीऐवजी हा घालून बघतो म्हणाले. आरी त्यातून जात नाही, छिद्रं आधी ड्रिलनं पाडावी लागतील, तेवढं माझ्याकडून करून मागितलं. छिद्रं पाडून दिली आहेत, पाच मिलिमीटरच्या अंतरानं, एकोणतीस. म्यान अजून हातात यायचं आहे.