ताडोबा: कोअर की बफर, रिसॉर्ट की गावातलं घर?

ताडोबाचं बुकिंग करायला बसलेला माणूस आधी एकच विचारतो: वाघ कुठे दिसेल, कोअरमध्ये की बफरमध्ये? प्रश्न रास्त आहे. पुण्या-मुंबईहून एवढं लांब कुणी फक्त चितळं बघायला जात नाही. पण आपल्या जाण्याने जंगलाला जाच होऊ नये आणि आपला पैसा थोडा तरी तिथल्या गावांत राहावा असं वाटत असेल, तर त्याहून मोठा प्रश्न रात्रीच्या मुक्कामाचा आहे. माझं मत आधीच सांगते: गेट कुठलंही घ्या, फार बिघडत नाही. मुक्काम मात्र विचार करून निवडा.

गेट

कोअर म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा. १९५५ साली जाहीर झालेलं ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चं अंधारी अभयारण्य मिळून तो झाला. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं इथूनच उठून बाहेर गेली. भोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर आहे, आणि तिथे गावं, धानाची शेती, गुरं, मोहफुलं सगळं चालू आहे.

कोअरच्या बाजूने बोलायचं तर ताडोबा तलाव, तेलिया, पांढरपौनी हे नावाजलेले पाणवठे तिथेच आहेत आणि जंगल सलग आहे. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही गेटं. चंद्रपूरला रेल्वेने उतरलात तर मोहर्ली सोयीचं, नागपूरहून गाडीने येत असाल तर चिमूरकडून कोलारा. मंगळवारी कोअर बंद, शनिवार-रविवारी दर चढे, आणि सुट्टीतल्या जागा कधीच भरून गेलेल्या असतात.

बफरमध्ये आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर अशी बरीच गेटं आहेत. फेरी स्वस्त पडते, बुकिंग तुलनेने सहज मिळतं. वाघ दोन्हीकडे आहेत, खात्री कुठेच नाही. बफरमध्ये मधेच एखादा गुराखी किंवा सायकलवरचा माणूस दिसतो, त्याने काहींचा हिरमोड होतो. मला उलट वाटतं. वाघासोबत राहणं म्हणजे काय असतं, ते तिथे दिसतं. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातला मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि त्यातले कितीतरी माणसांच्या वहिवाटीच्या जंगलात फिरतात.

गाड्यांच्या गर्दीचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच धास्ती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं ते नियमांसह: कोअरच्या २० टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, वाघ बघताना दोन गाड्यांत ५० मीटर. जिप्सीत बसून कुणी टेप लावून मोजत नाही, हे खरं. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून आलेल्या गाड्यांच्या मधे अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. रोजी बुडाली ती त्यांची. ‘दादा, अजून थोडी पुढे घ्या ना’ हे मागच्या सीटवरून कोण म्हणत होतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून गेटवर निघतानाच चालकाला सांगून टाका, की वाघ दिसला नाही तरी बक्षिशी तेवढीच मिळेल. एवढ्यानं त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. मग सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, ऐकून तो गाडी बंद करून थांबतो, रानकुत्र्यांच्या वाटेवर वेळ घालवतो, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवतो. वाघामागे सुसाट धावण्यापेक्षा ही सफारी कितीतरी भरीव होते.

पैशाच्या हिशेबात मात्र गेटागेटांत फार फरक नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. गाईड दोन्हीकडे आसपासच्या गावांतलेच, त्यांत आता बायकाही आहेत. जिप्स्याही बहुतेक स्थानिकांच्या. प्रवेशशुल्क व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडे जातं, राज्याच्या तिजोरीत नाही.

मुक्काम

सहलीच्या खर्चाची फोड करून बघा. दोन दिवसांत सगळ्यात मोठा आकडा बहुधा खोलीचा आणि जेवणाचा असतो. तो कुणाच्या हातात जातो, यावर बरंच काही ठरतं.

मोहर्ली आणि कोलाऱ्याच्या आसपास रिसॉर्टांची रांग आहे. सगळी वाईट नाहीत. एखाद्या चांगल्या रिसॉर्टमध्ये स्वयंपाक्यापासून निसर्ग-मार्गदर्शकापर्यंत गावातली पोरं असतात, वर्षभर पगार मिळतो, आणि असा पगार चार खोल्यांच्या होमस्टेला देता येत नाही. तेव्हा फोन करून विचारा: कामावरचे किती जण आसपासच्या गावांतले? भाजी, दूध, तांदूळ कुठून येतो? रात्री आवारात मोठे दिवे आणि डीजे असतात का? आवाराला भिंत आहे का? जंगलाच्या कडेला सलग भिंत म्हणजे जनावरांची वाट अडली. आणि चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव भरायला पाणी कुठून येतं, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर काय ते समजा.

गावातल्या घरात राहिलात तर पैसा थेट त्या घरात जातो. पाटोडी-रस्सा, वरण-भात, झणझणीत ठेचा मिळेल. अडचणीही सांगते. एसीच्या जागी बहुधा कूलर असतो, वीज गेली की तोही थांबतो. स्नानगृह खोलीला जोडलेलं असेलच असं नाही, आधी विचारून घ्या. वयस्कर आई-वडील किंवा तान्हं मूल सोबत असेल आणि महिना मे असेल, तर मी रिसॉर्टच घेईन, वरचे प्रश्न विचारून. धडधाकट चौघं हिवाळ्यात चालले असतील तर घरच. संध्याकाळी अंधार पडल्यावर गावाबाहेर पायी फिरायला जाऊ नका. घरमालकीण सांगेलच, ते मुकाट ऐका.

महिना

मे महिन्यात बरेच पाणवठे आटलेले असतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येण्याची शक्यता वाढते, म्हणून सगळ्यांना मे हवा असतो. नेमक्या याच दिवसांत गावातल्या बाया पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सरकार मृताच्या कुटुंबाला २५ लाख देतं. मे टाळा असं मी म्हणत नाही, उलट त्या महिन्यात मिळणारा सफारीचा रोजगार गावाला लागतोच. पण चुलीपाशी बसून ‘आज आम्हाला तीन वाघ दिसले’ असं उत्साहात सांगताना समोर कोण बसलंय, याचं भान ठेवा.

गर्दी नको असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी बरा. जंगल दाट असतं, दिसणं कमी, थंडी मात्र उघड्या जिप्सीत हाडं गोठवते. वाघाचा सोसच नसेल आणि शांतता हवी असेल, तर ताडोबा सोडून नागझिरा अभयारण्याचा विचार करा.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, त्यामुळे तेव्हा निवड उरतच नाही. बफरच्या फेऱ्या पाऊसमान बघून चालतात, आणि एरवी घरी बसणाऱ्या गाईडला त्या दिवसांत काम मिळतं. हिरवं जंगल, पक्षी, किडे यांत रमणाऱ्यांनी जरूर जावं. फक्त रस्ता खचला किंवा जिप्सी चिखलात रुतली तर फेरी अर्ध्यावरच संपते, हे बुकिंग करतानाच धरून चला.