शिडाच्या बोटीच्या पोटात डोकावणारा कॅमेरा : दोन मोसमांच्या वापरानंतरचे मत

माझी शिडाची बोट २८ फुटांची, फायबरची आणि जुनी आहे. तिचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या, तळाखाली अशा रीतीने बसवलेले आहे, की केबिनमध्ये उतरण्याची शिडी बाजूला केल्यावर त्याचा फक्त पुढचा चेहरा दिसतो. अशा बहुतेक बोटी बांधताना आधी तळाचा साचा तयार होतो, त्यात इंजिन आणि टाक्या बसवतात आणि मग डेकचा साचा वरून झाकणासारखा पक्का करतात. त्यामुळे कारखान्यात जे यंत्र कारागिराच्या पुढ्यात मोकळे उभे होते, त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मालकाला पुढे कायम सामानाच्या कप्प्यातून पालथे सरपटावे लागते. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणारा पंप, शाफ्टची ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जोडणी), एक्झॉस्टचा बाक आणि तळाचे दोन व्हॉल्व्ह हे सगळे त्या अंधारात आहे. त्यात माझी बोट मुंबई बंदरात गेटवेसमोर बोयाला (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते. तिथे किनाऱ्याची वीज नाही, आणि मांडव्याची किंवा घारापुरीची लाँच जवळून गेली की आत सरपटलेल्या माणसाचे डोके एकदा इंजिनाला आणि एकदा भिंतीला लागते. या कामासाठी दोन वर्षांपूर्वी मी जो तपासणी कॅमेरा घेतला, त्याविषयी हे लिहीत आहे.

खरे तर मी दोन कॅमेरे घेतले. पहिला सुमारे ९०० रुपयांचा, मोबाइलला वायरने जोडायचा आणि ५.५ मिलिमीटर जाडीच्या डोक्याचा होता. त्याची वायर शेवयांसारखी लुळी असल्यामुळे ती पुढे ढकलली की जागच्या जागी वेटोळे घालत असे. शिवाय एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात वायर धरल्यावर स्वतःला सावरायला तिसरा हात उरत नसे, आणि हलत्या बोटीत ही अडचण लहान नाही. तो कॅमेरा मी घरी स्वयंपाकघरातील मोरीच्या पाइपासाठी ठेवून दिला आहे आणि तिथे तो उत्तम चालतो. दुसरा सुमारे ४,५०० रुपयांना मिळाला. त्याला स्वतःचा ४.३ इंची पडदा आहे, ५ मीटर लांबीची, वाकवली तशी राहणारी ताठर केबल आहे, आणि ८ मिलिमीटरच्या डोक्यात एक भिंग समोर व एक बाजूला आहे. केबलच्या डोक्याला आयपी ६७ दर्जा आहे, म्हणजे ते एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकते; पडद्याच्या भागाला मात्र हे लागू नाही, आणि ही गोष्ट खोक्यावर फार बारीक अक्षरात लिहिलेली असते. पुढे जे लिहिले आहे ते या दुसऱ्या कॅमेऱ्याविषयी.

त्याची किंमत पहिल्याच मोसमात वसूल झाली. मार्च महिन्यात करंजाच्या बाजूने परत येताना वारा पडला म्हणून इंजिन चालू केले आणि थोड्याच वेळात तापमानाचा भोंगा वाजू लागला. बोटीच्या तळाशी पाणी आत ओढणाऱ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली होती. आपल्या बंदरात हे अपवादाने घडत नाही. पिशवी निघाली, पण तोपर्यंत पंप कोरडा फिरला होता, आणि या पंपातील रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, पाण्यावाचून फार वेळ टिकत नाही. बोयावर आल्यावर पंप उघडला तेव्हा इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी तीनच शिल्लक होती. नवा इम्पेलर बसवणे हे अर्धेच काम असते. तुटलेली पाती पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या नळ्यांच्या पेटीच्या) तोंडाशी अडकतात, आणि ती तिथेच सोडून दिली तर नव्या इम्पेलरनेही इंजिन तापतच राहते, म्हणून प्रत्येक तुकड्याचा हिशेब लागावा लागतो.

ससून डॉकवरून येणारे मेकॅनिक काका मच्छीमार ट्रॉलरच्या इंजिनांवर आयुष्य काढलेले आहेत, आणि त्यांचा पहिला सल्ला एक्स्चेंजर अख्खा उतरवण्याचा होता. त्यासाठी आधी अल्टरनेटर काढावा लागला असता, त्याआधी पट्टा, आणि त्याहीआधी ज्या वायरच्या जुडग्याला मी हात लावू इच्छित नव्हतो ते जुडगे. त्याऐवजी पंपाकडील नळी सोडवून तिच्यातून केबल आत सारली. सुमारे ७० सेंटिमीटरवर, एक्स्चेंजरच्या तोंडाशी, नळ्यांच्या जाळीवर दोन काळे तुकडे आडवे बसलेले स्पष्ट दिसले. तिसरा सापडेना. केबल परत ओढताना बाजूचे भिंग चालू केले तेव्हा तो नळीच्या बाकात भिंतीला चिकटलेला आढळला; समोरच्या भिंगाला तो दिसणे शक्यच नव्हते, कारण केबल त्याच्या अंगावरून पुढे गेली होती. दोन भिंगांसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर या तिसऱ्या तुकड्यात आहे.

आता एक्स्चेंजर न उतरवता फक्त त्याच्याकडील नळी सोडवायची होती. पण तिची क्लिप इंजिनाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. मी पडदा काकांसमोर धरला आणि क्लिप दाखवली. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, दिसतंय ते मलाबी दिसतंय, पण पाना कुठनं घालू?”

या कॅमेऱ्याची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही. दिसणे आणि हात पोहोचणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि हे यंत्र त्यांतील पहिलीच सोडवते. तरीही त्या दिवशी पहिली सुटल्यामुळे दुसरीला वाट मिळाली. क्लिपच्या स्क्रूचे षट्कोनी डोके खालच्या बाजूला आणि किंचित डावीकडे वळलेले आहे हे पडद्यावर कळले, आणि मग लवचीक दांड्याचा ७ मिलिमीटरचा पाना इंजिनाच्या खालून वळवून घालता आला. त्या पान्याला ३०० रुपये पडले होते, आणि कॅमेऱ्याबरोबर तो घेतला नाही तर निम्मा उपयोग वाया जातो असे माझे मत आहे. तुकडे लांब चिमट्याने निघाले. नळी परत बसवताना दोन्ही क्लिपांचे स्क्रू हाताला लागतील अशा बाजूला वळवून घेतले. हे काम आधीच्या मालकाने केले असते तर माझी अर्धी दुपार वाचली असती, पण आधीच्या मालकाला बोल लावणे हा जुन्या बोटीच्या देखभालीचाच एक भाग आहे.

कॅमेऱ्याबरोबर आकडा, लोहचुंबक आणि तिरका आरसा असे तीन जोड येतात. आकडा ठीक आहे. चुंबक बोटीवर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण इथले नटबोल्ट आणि वायसर स्टेनलेस स्टीलचे किंवा ब्राँझचे असतात आणि चांगल्या प्रतीचे सागरी स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या खोलगट जागेत, पडलेला नट तो उचलेल या आशेवर राहू नये. उलट तो चुंबक निष्काळजीपणे होकायंत्राजवळ ठेवला तर काटा हलतो, म्हणून मी तो बोटीवर नेतच नाही. आरशाचे काम बाजूचे भिंग अधिक चांगले करते.

सर्वांत मोठी तक्रार मात्र दिशेची आहे. केबल आत जाताना पीळ खाते आणि पडद्यावरचे चित्र तिच्याबरोबर फिरते, त्यामुळे वर काय आणि खाली काय हे काही मिनिटांतच कळेनासे होते. एकदा ग्लँडच्या वर दिसलेला ओघळ मी गळती समजून तासभर शोधला, आणि तो प्रत्यक्षात खालच्या बाजूला साचलेल्या पाण्याचा काठ होता. यावर उपाय म्हणून भिंगाच्या कडेला एक सेंटिमीटर लांबीचा दोरा चिकटपट्टीने लावला. तो नेहमी खाली लोंबतो आणि चित्राच्या एका कोपऱ्यात दिसत राहतो, एवढ्याने खालची दिशा कळते. दुसरी तक्रार प्रकाशाची. डोक्याभोवतीचे दिवे पूर्ण तेजाने लावले तर ओल्या फायबरवर आणि स्टेनलेसवर इतकी चकाकी येते की बारीक तडा दिसत नाही. तेज निम्म्यावर आणले की चित्र साफ होते. भिंग ठरावीक अंतरावरच स्पष्ट दाखवते. माझ्या कॅमेऱ्यात ते अंतर साधारण ३ ते १० सेंटिमीटर आहे, आणि त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे सगळे धुक्यात जाते. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर ते थंड होईपर्यंत थांबावे लागते, नाहीतर केबलचे आवरण एक्झॉस्टला टेकून मऊ पडते.

इंजिनाबाहेर त्याचा उपयोग मला दोनदाच झाला. एकदा डोलकाठीच्या आत दोर ओवण्यासाठी सोडलेली सुतळी हरवली होती, ती दोर बाहेर येण्याच्या खाचेतून केबल घालून आकड्याने पकडली. दुसऱ्यांदा कपाटामागे डेकवरच्या एका बोल्टाखाली गंजाचा ओघळ सापडला आणि पावसाळ्यात गादी का भिजत होती हे समजले.

जिथे त्याच्यावर विसंबू नये अशी जागाही सांगितली पाहिजे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा ज्या स्टेनलेसच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात, त्या पट्ट्या डेकमधून खाली जातात आणि बोटीच्या आत कपाटांच्या मागे बोल्टांनी पक्क्या केलेल्या असतात. कॅमेऱ्याने बोल्ट दिसतात, पट्टीचा खालचा भाग चकचकीत दिसतो आणि मन निर्धास्त होते. पण स्टेनलेसला हवेचा प्राणवायू मिळेनासा झाला आणि ओल मात्र टिकून राहिली की ते आतल्या आत खाल्ले जाते. ही स्थिती नेमकी डेकच्या जाडीत, रबरी सीलच्या मागे असते, आणि कोणताही कॅमेरा तिथे पोहोचत नाही. ती पट्टी काढून हातात घेऊनच तपासावी लागते. पेट्रोलच्या टाकीत किंवा गॅसच्या कप्प्यात हे बॅटरीवर चालणारे यंत्र कधीही घालू नये. डिझेलच्या टाकीतही मी ते घातलेले नाही. टाकीचे पाहणीचे झाकण उघडून बाहेरून विजेरीचा झोत टाकला तर तळाचा गाळ दिसतो.

ज्यांना एवढा खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा, पण दांडी लांब होणारा आरसा मुंबईतील नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात दीडशे रुपयांच्या आत मिळाला. तो आणि कपाळावर बांधायची विजेरी यांनी माझी निम्मी कामे भागतात. ग्लँडमधून शाफ्ट फिरत असताना मिनिटाला किती थेंब पडतात हे मोजायला तर आरसाच बरा, कारण त्यात चित्र थांबत नाही, फिरत नाही आणि चार्जिंग लागत नाही. मोबाइल धरलेला हात आत घालून अंदाजाने चित्रफीत काढणे हाही एक उपाय आहे. माझा एक मोबाइल त्या उपायात बिल्जमध्ये गेला.

दुसऱ्या मोसमात कॅमेऱ्याने जे काम केले त्याची मी खरेदी करताना कल्पनाही केली नव्हती. पंपापर्यंत हात जावा म्हणून कॉकपिटमधील सामानाच्या कप्प्याच्या भिंतीला ८ इंची गोल झाकण बसवण्याचे मी ठरवले होते, पण त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे याची खात्री नव्हती. ती भिंत बोटीचा भार पेलणारी नाही हे आधी पाहून घेतले, मग ठरवलेल्या वर्तुळाच्या मध्यावर १० मिलिमीटरचे एकच भोक पाडले आणि त्यातून केबल घालून बाजूच्या भिंगाने चारही दिशांना पाहिले. उजवीकडे चार बोटांवर डिझेलची नळी भिंतीला क्लिपांनी लावलेली होती. वर्तुळ तसेच कापले असते तर करवत तिच्यातूनच गेली असती. केंद्र तीन इंच डावीकडे सरकवले, जुने भोक नव्या वर्तुळातच गेले आणि नळी शाबूत राहिली. मुंबईतील दारूखाना भागातल्या जहाजी सामानाच्या बाजारातून आणलेले, आट्यांवर फिरवून बसणारे प्लास्टिकचे झाकण आता तिथे आहे. पूर्वी इम्पेलर बदलायला एक दुपार आणि दोन माणसे लागत; गेल्या एप्रिलमध्ये तो मी एकट्याने, बैठकीवर बसून, वीस मिनिटांत बदलला.

कप्प्यांमध्ये कोंडलेले इंजिन असलेल्या बोटीच्या मालकाने हा कॅमेरा जरूर घ्यावा. मात्र ताठर केबलचा, दोन भिंगांचा आणि स्वतःच्या पडद्याचाच घ्यावा. वायफायवर मोबाइलला चित्र पाठवणारे प्रकार मी एका मित्राच्या बोटीवर पाहिले, आणि चित्र हाताच्या मागे रेंगाळते हे अशा कामात सहन होण्यासारखे नाही. मागे आउटबोर्ड इंजिन लावलेल्या लहान होडीला त्याची काहीच गरज नाही. चार्जिंगच्या तोंडाला घट्ट रबरी टोपी आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. माझ्या कॅमेऱ्याची टोपी पहिल्याच मोसमात सैल झाली आणि खाऱ्या हवेने आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या. आता तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, घरीच राहतो आणि काम असेल त्या दिवशीच बोटीवर जातो.